गोड जीभ, उगारलेला हात

ती आमच्याकडे आली तेव्हा एकटी होती. पुढच्या रविवारी तो आला आणि आम्हा सगळ्यांना आवडला.

धुळ्याला देवपूर भागातल्या एका समाजमंदिराच्या खोलीत आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी सकाळी बसतो. जातीचा दाखला, रेशनकार्ड, थकलेली मजुरी, घरगुती तंटे, जे येईल ते ऐकून घेतो व जमेल तेवढे करतो. आम्ही पेशाने कारकून. घर जळगावला, नोकरी धुळ्याला, आणि एरंडोल-पारोळ्याच्या रस्त्यावरची एस.टी. हे आमचे तिसरे घर. शिक्षण बी.कॉम., म्हणजे जमाखर्च कळतो, मनाचा व्यवहार आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. तो या खोलीत शिकलो, आणि शिकताना ज्या चुका केल्या त्यांची किंमत दुसऱ्यांनी मोजली. त्यांपैकी एक चूक येथे सांगायची आहे.

पंचवीस-सव्वीस वर्षांची, हातावर शिलाईच्या सुया टोचल्याच्या खुणा असलेली ती भगिनी सांगत होती की नवरा मारतो, पगार काढून घेतो, माहेरी फोन करू देत नाही. बोलताना ती मध्येच थांबे, मध्येच ओरडे. तारखा चुकत होत्या. आधीचे मागे नि मागचे पुढे सांगत होती. आम्ही रजिस्टरात लिहून घेतले आणि नवऱ्याला निरोप धाडला.

तो वेळेआधी आला. पांढरा इस्त्रीचा सदरा, हातात केळीच्या वेफर्सचा पुडा. वयस्कर कार्यकर्त्यांना बाबा म्हणाला, आमच्यातल्या आजींची चौकशी केली, त्यांच्या गुडघेदुखीवर एक औषधही सुचवले. आम्ही काही विचारण्याआधीच त्याने सगळे कबूल केले. "एकदा हात उचलला गेला, लाज वाटते. ती रागीट आहे, पण मनाने फार चांगली आहे हो." स्त्रियांच्या सन्मानाबद्दल तो असा बोलला की आमचे भाषण त्याच्यापुढे फिके पडावे. डोळ्यांत पाणी आले. बायको कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. एकदाच बोलली, तेही चढ्या आवाजात. आमच्यापैकी एकाने (तो एक म्हणजे आम्हीच) तिला म्हटले, "ताई, जरा समजुतीने घ्या." स्टॅम्पपेपरवर समजुतीचा कागद झाला. दोघांना पारोळ्याच्या गाडीत बसवून दिले. दिवस सार्थकी लागला, असे वाटून घरी गेलो.

सव्वा महिन्याने ती परत आली तेव्हा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. त्याबद्दल पुढे सांगू.

वाचकहो, या खोलीत वर्षानुवर्षे एक वाक्य आम्ही ऐकत आलो आहोत, "भाऊ, तो पहिले असा नव्हता हो." सुरुवातीला आम्हालाही ते खरे वाटे. लग्नाआधी चांगला होता, मग दारू लागली, संगत बिघडली, काम सुटले, म्हणून बिघडला, असे. पुष्कळ घरांत ते खरेही असते. पण काही माणसांच्या बाबतीत ते खरे नसते. ती पहिल्यापासून तशीच असतात. फरक एवढाच की पहिल्या दिवसांत त्यांना गोडीचे काम होते आणि नंतर धाकाचे. गोडी आणि धाक ही त्यांची दोन निराळी रूपे नव्हेत. ती एकाच कारागिराची दोन हत्यारे आहेत. करवतीने जमते तेथे तो करवत घेतो, हातोड्याने जमते तेथे हातोडा.

आमच्या जिल्ह्याची जखम

ही गोष्ट खान्देशाने फार मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. १९९४ साली जुलै महिन्यात जळगावचे ते प्रकरण उघडकीला आले. शाळा-कॉलेजच्या मुलींना जाळ्यात ओढायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि त्या फोटोंच्या धाकाने त्यांना पुन्हा पुन्हा वापरायचे. आरोप झालेल्यांत स्थानिक राजकारणातली वजनदार माणसे होती. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. राज्यभर गदारोळ झाला. तपासाशी अरविंद इनामदार आणि मीरां चढ्ढा-बोरवणकर या पोलीस अधिकाऱ्यांची नावे जोडली गेली आणि लोकांच्या लक्षात राहिली.

आम्ही तेव्हा जळगावलाच, अकरावी-बारावीच्या वयाचे होतो. मुलींच्या बाकांवर जागा रिकाम्या राहू लागल्या होत्या. गावाबाहेरच्या सोयरिकीत "मुलगी जळगावची आहे का?" असा प्रश्न विचारला जाऊ लागला होता. काही न घडलेल्या मुलींचीही लग्ने त्या एका शब्दावर अडली. आकड्यांचा खेळ वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाला, आम्हाला त्यात रस नाही. आमच्या डोक्यात राहिला तो एक प्रश्न, जो तेव्हा प्रत्येक ओट्यावर विचारला जात होता: "अहो, पण मुली गेल्याच कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर त्या पद्धतीतच आहे. कोणतीही मुलगी धमकीकडे चालत जात नाही. ती ओळखीकडे जाते. कोणी मोठा माणूस आदराने बोलतो, अडलेले काम करून देतो, तू हुशार आहेस म्हणतो. गरीब घरातल्या, बापाच्या तोंडून कधी शाबासकी न ऐकलेल्या पोरीला ते किती मोठे वाटत असेल? मग एक दिवस फोटो समोर येतो, आणि तोच माणूस, तोच आवाज, वेगळे बोलू लागतो. त्या क्षणी मुलीला दोन भीती वाटतात. एक त्याची आणि दुसरी आपल्या घरच्यांची. ही दुसरी भीती त्याने निर्माण केलेली नसते. ती आपण आपल्या घरात आधीच पेरून ठेवलेली असते आणि तो फक्त तिचे पीक काढतो.

म्हणूनच तक्रार द्यायला फार थोड्या जणी पुढे आल्या. खटले रेंगाळले. खालच्या कोर्टात काहींना शिक्षा झाल्या, वरच्या कोर्टात आरोपी सुटलेही. ज्या मुली गप्प राहिल्या त्या आज पन्नाशीच्या घरात असतील. कोणाच्या आई, कोणाच्या सासू. त्यांच्या गप्प राहण्याला दोष देण्याचा आम्हाला अधिकार वाटत नाही.

तुरुंगातली मिठाई

एकटा माणूस या दोन हत्यारांवर किती लांब जाऊ शकतो, याचे उदाहरण चार्ल्स शोभराजचे आहे. १९४४ साली सायगावला जन्मलेला, बाप भारतीय, आई व्हिएतनामी, पुढे फ्रान्समध्ये वाढलेला. १९७० नंतरच्या दशकात आशियात भटकायला येणारे युरोप-अमेरिकेचे तरुण हे त्याचे सावज. परक्या मुलखात पैसे संपत आलेल्या, भाषा न येणाऱ्या पोरांना हा हसतमुख माणूस देवासारखा भेटे. राहायला जागा देई, जेवू घाली. बँकॉकला तर त्याने काहींना गुपचूप औषध घालून आजारी पाडले आणि मग स्वतःच त्यांची शुश्रूषा केली. ती पोरे त्याचे उपकार मानत त्याच्याच घरी पडून राहिली, आणि त्यांचे पासपोर्ट व पैसे त्याच्या कपाटात गेले. कित्येकांचे जीवही गेले. आधी दुखणे द्यायचे आणि मग उशाशी बसून डोके दाबायचे, हे वाक्य आम्ही एकदा आमच्या रविवारच्या बैठकीत वाचून दाखवले तेव्हा मागे बसलेल्या एक बाई उठून बाहेर गेल्या. त्यांना त्यात शोभराज दिसला नव्हता.

१९७६ साली दिल्लीत फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाला गुंगीचे औषध देताना तो फसला आणि तिहार तुरुंगात गेला. तेथेही त्याने पहारेकऱ्यांना असे आपलेसे केले की १६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाच्या नावाखाली मिठाई वाटली, त्यात झोपेचे औषध होते, आणि तो दरवाजातून चालत बाहेर पडला. मधुकर झेंडे या मुंबईच्या मराठी पोलीस निरीक्षकाने त्याला १९७१ मध्ये एकदा पकडले होते. त्याच झेंड्यांनी ६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात त्याला पुन्हा पकडले. शोभराजची बोलण्याची मोहिनी झेंड्यांवर चालली नाही, याचे कारण आम्हाला साधे वाटते. तो काय बोलतो याच्याशी त्यांना काम नव्हते, त्याने काय केले आहे ते त्यांना ठाऊक होते. नेपाळात एका जुन्या खुनासाठी २००४ साली त्याला जन्मठेप झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुटून तो फ्रान्सला गेला. सुटल्यावरही त्याच्या मुलाखती घ्यायला रांग लागली. मेलेल्या पोरांच्या आईबापांची मुलाखत घ्यायला तशी रांग कोणी लावल्याचे आम्ही तरी पाहिले नाही.

डॉक्टर काय म्हणतात

हर्वी क्लेकली नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ साली अशा माणसांवर पहिले मोठे पुस्तक लिहिले. नावाचा अर्थ साधारण 'शहाणपणाचा मुखवटा'. त्याने लक्षणांची जी यादी केली तिच्यात अगदी वर काय असावे? संताप नाही, क्रौर्य नाही. वरवरचे मोहक वागणे आणि चांगली बुद्धी. पुढे कॅनडात रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगांतल्या कैद्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून वीस लक्षणांचे मोजमाप तयार केले. प्रत्येक लक्षणाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण ४०. तीस वा अधिक गुण पडले तर तो माणूस त्या टोकाचा समजतात. त्या यादीतही पहिले लक्षण तेच, जिभेवरची साखर. पुढे सराईत खोटेपणा, दुसऱ्याला वापरणे, केल्याचा पश्चात्ताप नसणे, दुसऱ्याच्या दुःखाने आत काही न हलणे, जबाबदारी कधीच न घेणे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही माणसे दुसऱ्याचे मन ओळखण्यात कमी नसतात. उलट तुमची आमची दुखरी जागा ती पटकन हेरतात. कमी असते ते ओळखल्यानंतरचे. आपण रडणारे मूल पाहिले की आत काही तुटते. त्यांना ते मूल रडते आहे एवढी माहिती मिळते.

समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचा विकार हे निदान मनोविकारतज्ज्ञच करू शकतो, तेही अठरा वर्षांवरील व्यक्तीचे, आणि पंधराव्या वर्षाच्या आत तसल्या वर्तनाची सुरुवात झालेली असेल तरच. तेव्हा हा लेख वाचून कोणी शेजाऱ्याला, जावेला किंवा साहेबाला हे लेबल चिकटवू नये. गोड बोलणारा प्रत्येक जण लबाड नसतो. आमच्या खान्देशात तर पाहुण्याला वरण-बट्टी वाढताना गोड बोलायचीच रीत आहे. रागावणारा प्रत्येक जण क्रूर नसतो. दिवसभर हमाली करून आलेला माणूस घरी चिडतो, मग त्याचे त्यालाच वाईट वाटते, तो सुधारायचा प्रयत्न करतो. आणि हे काम फक्त पुरुषच करतात असेही नाही. गोडीने घर काबीज करून म्हाताऱ्या सासऱ्याचा अंगठा उमटवून घेणारी सूनही आम्ही पाहिली आहे.

भूतबाधा तर हा मुळीच नाही. "त्याच्यावर कोणी करणी केली" म्हणून बायका भगताकडे जातात. तो भगतही आधी आपुलकीने डोक्यावरून हात फिरवतो आणि मग "नाही केले तर मूल जाईल" अशी भीती घालतो. म्हणजे एका जाळ्यातून सुटायला ती दुसऱ्या जाळ्यात जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यावर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. असल्या भगताविरुद्ध त्या कायद्याखाली पोलिसांत जाता येते.

आता आमच्या अनुभवातले सांगतो. "राग आवरत नाही त्याला," असे म्हणतात. हे तपासून पाहावे. तो कोणावर रागावतो? बायकोला लाथ मारत असता मोबाईल वाजला आणि पलीकडे मुकादम असला, तर त्याच क्षणी त्याचा आवाज "हो साहेब, बोला साहेब" असा लोण्यासारखा होतो की नाही? होत असेल तर राग अनावर नाही, पुरता आवरलेला आहे. फौजदारापुढे त्याचा हात कधी उठत नाही. मारतो तेव्हा तोंडावर न मारता पाठीवर मारतो, म्हणजे दिसू नये एवढे भान त्याला त्या तथाकथित बेभान रागातही असते. अशा मारामागे संताप कमी आणि हिशेब जास्त असतो. आम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून हे आम्हाला उशिरा का होईना कळले.

आणि मारल्यानंतर पुन्हा गोडी. साडी येते, शेवभाजीचे पार्सल येते, मुलांना मेहरूण तलावावर फिरवणे होते. लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मार खाणाऱ्या स्त्रियांशी बोलून १९७९ साली या फेऱ्याचे वर्णन केले. आधी घरातली हवा तापत जाते, मग स्फोट, मग मधुचंद्रासारखे दिवस, आणि पुन्हा हवा तापू लागते. बाई का निघून जात नाही, याचे उत्तर त्या तिसऱ्या टप्प्यात आहे. आपल्या वस्त्यांतून मटक्याने किती घरे बुडाली ते आपण पाहिले. मटक्याचा आकडा रोज लागला असता तर कोणी वेडा झाला नसता, कधीच न लागला तर कोणी चिठ्ठी लावली नसती. तो कधी तरी लागतो, म्हणून माणूस पगाराच्या दिवशी घरी न जाता तिकडे जातो. मारणाऱ्याची गोडीही अशीच कधी तरी लागते.

घराबाहेरचे तेच

हे दुकान घरापुरते नाही. वस्तीत व्याजाने पैसे देणारा पहिल्यांदा येतो तेव्हा "वहिनी, कागदबिगद राहू द्या, घरचाच आहे मी" म्हणतो. तिसरा हप्ता चुकला की दोन पोरे घेऊन येतो आणि दारात मोटारसायकल आडवी लावून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे बोलतो. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते, हे त्या वहिनीला कोणी सांगितलेले नसते.

अलीकडे फोनवरून नवे प्रकार निघाले आहेत. मोबाईलच्या ॲपवरून चुटकीसरशी कर्ज मिळते आणि मग तुमच्या फोनमधले फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी येते. १९९४ ला फोटो काढायला त्यांना माणूस गाठावा लागे, आता माणूस स्वतःच फोटो खिशात घेऊन फिरतो. कोणी "मी पोलीस अधिकारी बोलतो, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" असे सांगतो. तो आधी दरडावतो आणि मग "तुम्ही सज्जन दिसता, मी सोडवतो" म्हणून गोड होतो. येथे क्रम उलटा, हत्यारे तीच. अशी कोणतीही अटक भारताच्या कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरावर लगेच, त्याच तासात फोन करावा, म्हणजे पैसे वाटेत अडवण्याची शक्यता राहते.

घरातल्या जाचासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. त्यात केवळ मार नव्हे, शिवीगाळ, धमकी, पगार काढून घेणे, घराबाहेर काढणे हेही हिंसाचारात मोडते. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नये; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, त्याचप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, मोफत वकील मिळतो. स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. फोटोची धमकी देऊन काही मागणे हा खंडणीचा गुन्हा आहे, मग धमकी देणारा कितीही मोठा असो. आणि घरच्यांनी एक गोष्ट आजच, काही घडायच्या आधी, आपल्या मुलीला सांगून ठेवावी: "तुझा कसलाही फोटो कोणी दाखवला तरी पहिल्यांदा आम्हाला सांग, आम्ही तुला बोलणार नाही." हे वाक्य आमच्या घरी आमच्या मुलीला सांगताना आमची जीभ दोनदा अडखळली, हेही कबूल करतो. तिने पुस्तकातून मान वर न करता "बरं बाबा" म्हटले. पण ऐकले असावे.

आता त्या भगिनीची राहिलेली हकीकत.

हात गळ्यात बांधून ती आली त्या दिवशी ओरडली नाही. हळू आवाजात सांगत होती. आम्ही गाडीत बसवून दिल्यावर स्टँडवर त्याने तिला उसाचा रस पाजला. खिडकीशी जागा दिली. फागणे मागे पडल्यावर तिच्या कानाशी वाकून, आजूबाजूच्यांना प्रेमाने बोलतो आहे असे वाटावे अशा आवाजात म्हणाला, "झाली का हौस? आता तुझं कोण ऐकणार?" आमचा स्टॅम्पपेपर त्याने घरी दाराला आतून चिकटवला होता. ती काही बोलली की तो त्याकडे बोट दाखवी. तुझ्याच माणसांनी सही केली आहे, बघ.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमच्यासमोर जसा बोलला ना, अगदी तसाच तो मला मागणी घालायला आला होता तेव्हा बोलला होता. मी तेच सांगत होते तुम्हाला."

आम्ही रजिस्टर उघडून पाहिले. तिने खरोखरच ते सांगितले होते. आमच्याच अक्षरात, पहिल्या रविवारच्या नोंदीत लिहिलेले होते: 'पाहुण्यांसमोर फार चांगला वागतो.' आम्ही ते तिच्या तक्रारीविरुद्ध पुरावा म्हणून वाचले होते.

त्या माणसाला डॉक्टरांच्या यादीत किती गुण पडले असते ते आमच्या अधिकारातले नाही. पण त्यानंतर आम्ही काही पद्धती बदलल्या. नवरा-बायकोला पहिल्या भेटीत समोरासमोर बसवत नाही. जो मार खातो त्याच्या बोलण्यात तारखा चुकणारच, ओरडणे येणारच, आणि जो मारतो तो शांत असणारच, कारण भीती एकाच बाजूला आहे, हे नवीन कार्यकर्त्यांना आधी सांगतो. समजुतीचे कागद करणे बंद केले. कोणी फार लवकर सगळे कबूल केले तर विचारतो, कबुली झाली, भरपाई काय? पगाराचे पैसे परत कधी, दवाखान्याचे बिल कोण भरणार, ती माहेरी जाईल तेव्हा फोन किती करणार? रडणारा माणूस या प्रश्नांवर किती पटकन डोळे पुसतो हे बघण्यासारखे असते. आणि वेफर्सचा पुडा आता दाराशीच परत देतो. आजी यावर नाराज आहेत, त्यांना केळीचे वेफर्स आवडतात.

संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज गेला, कोर्टातून आदेश झाला. ती आता आईकडे राहते, शिलाईचे काम करते, दोन मुलींना शिकवायलाही लागली आहे. उजवा हात पुरता सरळ होत नाही, त्यामुळे काज करायला वेळ लागतो असे म्हणते. फारकतीचे प्रकरण चालू आहे. आमच्यावर तिने राग धरला नाही. तो धरला असता तर आम्हाला जरा बरे वाटले असते.

गेल्या मार्चमध्ये चोपड्याकडून एका गृहस्थाचा फोन आला. बहिणीसाठी एक स्थळ आले होते. मुलगा सगळ्यांना पसंत पडला, बोलायला फार गोड, म्हाताऱ्यांना मान देतो, पहिल्या लग्नाची फारकत झाली आहे म्हणतो. पण कोणीतरी धुळ्याला तुमच्याकडे एकदा विचारा म्हणाले. त्यांनी नाव सांगितले. ती भगिनी त्या दिवशी खोलीतच होती. आम्ही तिच्याकडे पाहिले, तिने मान हलवली. आम्ही तिचे नाव न घेता त्यांना एवढेच सांगितले की फारकत झालेली नाही, आणि रजिस्टरातल्या तारखा एकेक करून वाचल्या. अर्जाची तारीख, दवाखान्याच्या दाखल्याची तारीख, कोर्टाच्या आदेशाची तारीख.

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "जरा थांबा, कागद घेतो. परत एकदा सांगता का?"

आम्ही परत वाचले, सावकाश.